बोटवाले आणि चिमटेवाले

सिंकखालच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशव्या जमतात ना, तसे किस्से जमतात. मुद्दाम कोणी साठवत नाही. एक दिवस कशाला तरी कपाट उघडावं, तर सगळ्या भसाभसा अंगावर येतात. माझं तसंच झालंय. कोणी नुसतं "तू हॉलंडला होतास ना रे?" असं विचारायचा अवकाश! समोरच्याला ट्यूलिपच्या बागा ऐकायच्या असतात, आणि मी सुरू होतो फोमच्या रानडुकरावर. मेधा, म्हणजे माझी बायको, अशा वेळी उठून चहा टाकायला जाते. तिला माहीत असतं, आता तासभर सुटका नाही.

दोन हजार पाच-सहाच्या सुमाराची गोष्ट. आमच्या कंपनीचं ऑफिस रॉटरडॅमला चिकटून कापेल आन डेन आयसेलमध्ये, पण क्लायंट आर्नहेमला. त्यामुळे मी, मेधा आणि माझ्या टीममधला नेने असे तिघं आर्नहेमला येऊन पडलो होतो. नेने डोंबिवलीचा, बिनलग्नाचा, अंडंसुद्धा न खाणारा. क्लायंटला 'नाही' म्हणायचं नसतं, या एका तत्त्वावर त्याचं आयुष्य चाललेलं.

आणि क्लायंट म्हणजे हेंक. पंचावन्नचा, सहा फूट चार इंच, कधी आवाज न चढवणारा मॅनेजर.

*

एका शुक्रवारी कॉफी मशीनपाशी हेंक म्हणाला, "उद्या शिकारीला येता का? धनुष्यबाणाने."

मी तोंड उघडायच्या आत नेने "येस, शुअर!" म्हणून मोकळा झाला.

संध्याकाळी तो आमच्याकडे आला तो चेहरा पाडूनच. "वहिनी, मी मुंगीसुद्धा मारली नाहीये हो आजवर." शेवटी कॉलिंग कार्ड खरवडून त्याने डोंबिवलीला फोन लावला आणि आईला झोपेतून उठवलं. आईने सगळं नीट ऐकून घेतलं आणि तोडगा काढला, "साहेबांनी बोलावलंय तर जायला हवं. पण तू नेम धरू नकोस हो. नुसता बाण सोड!"

दुसऱ्या दिवशी गावाबाहेरच्या जंगलात गेलो, तेव्हा उलगडा झाला. त्या देशात धनुष्याने शिकार करायला बंदी आहे. मग ज्यांना ती हौस आहे ते काय करतात? झाडाझुडपांत फोमची जनावरं उभी करतात. हरणं, डुकरं, अस्वलं, एक मगरसुद्धा. खऱ्या शिकारीसारखं दबकत जायचं, बाण मारायचा, मग जाऊन तो उपटून आणायचा. नेनेचा जीव असा भांड्यात पडला की त्याने पहिल्या डुकराला मिठीच मारली.

मग त्याने आईचं ऐकून, नेम न धरता, डोळे मिटून बाण सोडला. तो थेट हरणाच्या काळजात!

नेनेने हात जोडले. "सॉरी."

हेंक म्हणाला, "अरे, फोम आहे तो."

"हो, पण तोंड हरणाचंच आहे ना!"

*

जंगलातच या हौशी लोकांचा क्लब होता, तिथे आम्ही दर शनिवारी जायला लागलो. क्लबात दोन बाकं होती. लाकडी, एकाच मापाची, चुलीच्या दोन बाजूंना. आम्ही पहिल्या दिवशी जिथे जागा दिसली तिथे बसलो आणि सगळे गप्प झाले. मग कळलं की उजवं बाक बोटवाल्यांचं आणि डावं चिमटेवाल्यांचं.

भानगड अशी. धनुष्याची दोरी बोटांनी ओढून सोडायची, ही जुनी रीत. नवी रीत म्हणजे 'रिलीज' नावाचं यंत्र. मनगटाला पट्टा बांधायचा, पुढे एक हुक, तो दोरीला अडकवायचा आणि बंदुकीसारखा छोटा घोडा दाबला की दोरी सुटते. बोटांचा संबंधच नाही. आम्ही त्याला आपला चिमटा म्हणायचो. त्याने नेम पक्का बसतो, यात वाद नाही. पण ज्यात वाद नाही त्यावरही वाद घालायला माणसं शनिवारी एकत्र येतातच!

चिमटेवाल्यांचा पुढारी हेंक. बोटवाल्यांचे पुढारी विम. सत्तर उलटलेले सुतार, स्वतःची धनुष्यं स्वतः तासणारे, बोटं अशी जाड की चहाच्या कपाचा कान न धरता अख्खा कप सरळ मुठीत धरायचे. तिथे सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, पण मेधाच्या तोंडून काही 'विम' निघेना. तिने त्यांना विमकाका करून टाकलं. त्यांनाही ते आवडलं. हेंकने विचारलं, "मग मी काका का नाही?" तर नेने म्हणाला, "तुम्ही क्लायंट आहात."

वाद दर शनिवारी तोच. हेंक म्हणणार, "बोटं थरथरतात. यंत्र थरथरत नाही." विमकाका म्हणणार, "बायकोचा हात धरतानाही मध्ये चिमटा लावतोस का?"

कॉफीच्या काउंटरमागे आन्स असायची, हेंकची बायको आणि क्लबची सेक्रेटरी. ती बिस्किटाचा डबा लावता लावता म्हणाली, "आधी धरू तर दे."

*

हेंक आणि विमकाका एकदा खरोखरीच्या शिकारीला गेले होते, हंगेरीला. तिथे चालते. हा किस्सा मी किमान तीस वेळा ऐकला आहे, आणि दर वेळी त्यातलं डुक्कर वाढत गेलं.

पहाटेपासून दोघं दोन झाडांवर चढून बसलेले. कडाक्याची थंडी. तीन तासांनी हेंकच्या झाडाखाली हे एवढं डुक्कर येऊन उभं राहिलं. हेंकने बाण चढवला आणि मनगटाकडे पाहिलं. चिमटा गाडीत! डुक्कर दहा मिनिटं झाडाला अंग घासत होतं म्हणे, आणि हेंक वर बसून त्याच्याकडे बघत होता. दहा वर्षांत बोटांनी दोरी ओढलेली नाही, त्यामुळे त्याला ते सुचलंसुद्धा नाही.

"बोटं गाडीत विसरत नाहीत!" हे विमकाकांचं ब्रह्मवाक्य त्या दिवशी जन्माला आलं.

मी एकदा भोळेपणाने विचारलं, "मग ते डुक्कर तुमच्या झाडाखाली नाही आलं का?"

विमकाका एकदम चूल सारखी करायला लागले. आन्सने सांगितलं, "आलं होतं. याची बोटं थंडीने अशी गोठली होती की दोरी सुटेचना. दुपारपर्यंत तसाच धरून बसला होता."

दोघं शूर शिकारी घरी आले ते येताना दुकानातून दोन फ्रोझन कोंबड्या घेऊन. आन्सने त्यावरचं लेबल अजून जपून ठेवलंय.

*

नेने अर्थातच चिमटेवाला झाला, क्लायंटच्या बाकावर. मी बोटवाला झालो, कारण चिमट्याचे पैसे भरायची माझी तयारी नव्हती. पण माझी दोरी काही नीट सुटेना. विमकाका वैतागायचे. "तू बोटं उघडतोस! बोटं उघडायची नाहीत, दोरी निघून गेली पाहिजे!" आता बोटं न उघडता दोरी कशी जाणार, हे मला कुठल्या जन्मी कळणार होतं?

एका रविवारी मेधाने त्यांना जेवायला बोलावलं. वरण-भात, लिंबू, बटाट्याची भाजी. आम्ही हाताने जेवत होतो. विमकाका काटा हातात धरून मेधाच्या हाताकडे टक लावून बघत बसले. मी जरा अस्वस्थच झालो.

"पुन्हा!" ते म्हणाले.

मेधाने आणखी एक घास घेतला.

"पुन्हा. सावकाश!"

चौथ्या घासाला ते ताडकन उठले. "बघ! ती बोटं उघडत नाहीये! घास आपोआप सुटतोय! अरे, तुला घरातच येतंय हे, आणि मी सहा महिने बोंबलतोय!"

पुढच्या शनिवारपासून नेमबाजीच्या आधी बोटवाल्या बाकाने हाताने भात खायचा, असा दंडक निघाला. सहा धिप्पाड डच म्हातारे, मांडीवर ताटल्या, नाकापर्यंत भात. डाव्या बाकावरून हेंक शांतपणे सँडविच खात बघायचा. तांदूळ आन्स सुपरमार्केटातून आणायची, लांब दाण्याचा, पांढराशुभ्र, आणि काउंटरमागच्या बरणीत भरून ठेवायची. तिने वार्षिक खर्चात 'बाण' आणि 'कॉफी' यांच्यामध्ये 'भात' असं नवं सदरच घातलं.

माझा नेम सुधारला, हे मात्र खरं.

*

आता जरा गंभीर.

दर वर्षी आमचा बेल्जियमच्या एका क्लबाशी सामना असायचा. तिघांची टीम. विमकाका त्या टीममध्ये तीस वर्षं होते, आणि अलीकडे टीम दर वर्षी हरत होती. का, ते सगळ्यांना माहीत होतं. कोणी बोलत नव्हतं.

सप्टेंबरच्या मीटिंगमध्ये हेंक बोलला. "टीममध्ये यापुढे फक्त रिलीजवाले घ्यावेत."

विमकाका उठले. त्यांची मान लाल झाली होती. "ऑक्टोबरच्या स्पर्धेत तू आणि मी. मी हरलो तर चिमटा बांधीन, नाहीतर क्लब सोडीन."

"मान्य," हेंक म्हणाला. तो तावात होता. आन्सने मिनिट्समध्ये लिहिलं: विम हरला तर रिलीज किंवा राजीनामा.

ते चिमटा बांधणार नाहीत, हे खोलीतल्या चुलीलाही कळलं होतं. म्हणजे ते जाणार. आणि जाणार कुठे? बायको चार वर्षांपूर्वी गेलेली, मुलगा कॅनडात. दोन दिवसांनी मेधा त्यांना डबा द्यायला गेली, तेव्हा ते तिला म्हणाले, "शनिवार गेला तर बाकीचा आठवडा मला कशाला हवाय?" घरी येऊन ती रडली. परक्या देशात आम्हाला वडीलधारं असं तेवढंच एक माणूस होतं.

हेंकचंही काही खरं नव्हतं. तो कॉफी मशीनपाशी रिकामा कप धरून उभा राहायला लागला. "मी उगाच बोललो," एकदा तो आम्हाला म्हणाला. "तो माझ्या लग्नात साक्षीदार होता."

"मग मागे घ्या की!" मी म्हटलं.

"मिनिट्समध्ये आहे."

नेने म्हणाला, "आन्सला सांगून ती ओळ काढून टाका."

हेंकचा चेहरा असा झाला, जणू नेनेने त्याला बँक लुटायला सांगितलं. "मिनिट्समधून? ओळ? काढायची?"

"मग मुद्दाम हरा," नेने म्हणाला.

"विमला माझा नेम माहीत आहे. मी मुद्दाम हुकवला तर त्याला लगेच कळेल. मग तर तो त्याच दिवशी जाईल."

*

परदेशात आमचे सगळे सण शनिवारीच येतात. त्या वर्षी दसराही आला, स्पर्धेच्या आदल्या दिवशी. मेधाने जाहीर केलं की यंदा शस्त्रपूजा क्लबात. आयुष्यात पहिल्यांदा घरात खरीखुरी शस्त्रं आली आहेत, तर करायची नाही का? मागच्या वर्षी आम्ही लॅपटॉपची पूजा केली होती.

टेबलावर चादर घातली. धनुष्यं मांडली, बाण मांडले, आन्सने हौसेने फोमचं हरीणही आणून ठेवलं. मेधाने पुण्याहून आणलेल्या आखूड दाण्याच्या तांदळाच्या अक्षता केल्या होत्या, कुंकवात चांगल्या लालभडक माखून. आपट्याची पानं तिथे कुठली? बाहेरच्या झाडांची पिवळी पडलेली पानं सोनं म्हणून वाटली. आरती झाली, आणि सगळे डच लोक उठून एकमेकांचे हात हलवत अभिनंदन करत सुटले. तिथे वाढदिवसाला सगळ्या नातेवाइकांचं अभिनंदन करायची पद्धत आहे. हरणाचंही झालं.

हेंकने आपला चिमटा स्वतः आणून ठेवला. मग त्याच्या चौकशा.

"तांदूळ कशासाठी?"

"आशीर्वाद म्हणून," मेधा म्हणाली.

"यंत्रात गेला तर?"

नेने घाईघाईने म्हणाला, "काही होत नाही! आणि झालंच तर ती देवाची इच्छा."

"मग कोणाचा दोष नसतो?"

"छे! देवाच्या इच्छेत दोष कसला?"

हेंक बराच वेळ मान हलवत राहिला.

*

रविवारी स्पर्धा. वीस जनावरं, प्रत्येकाला एक बाण, तोही दोन मिनिटांत. मधल्या गोलात लागला तर दहा, अंगावर कुठेही लागला तर पाच, हुकला तर शून्य.

एकोणीस जनावरं झाली तेव्हा हेंक पाच गुणांनी पुढे होता. त्याचा चिमटा घड्याळासारखा चालत होता. विमकाकांची बोटं थरथरत होती, आणि आम्ही कोणीच कोणाकडे बघत नव्हतो. शेवटच्या जनावराआधी कॉफी झाली. दोघं क्लबात जाऊन आले. हेंकला जरा जास्त वेळ लागला.

विसावं जनावर, रानडुक्कर. हेंक पुढे झाला. हुक अडकवला, दोरी ओढली, नेम धरला, घोडा दाबला.

काही नाही.

पुन्हा दाबला. घोडा हलेचना. त्याने दोरी सावकाश ढिली केली, हुक हाताने सोडवला आणि आम्हा सगळ्यांना दिसेल असा चिमटा वर धरला. "तांदूळ," तो म्हणाला.

मेधाने माझा दंड असा धरला की वळ उठले. नेने पांढराफटक. क्लायंटच्या यंत्रात आमच्या अक्षता!

"एक मिनिट राहिलं," आन्स घड्याळ बघत म्हणाली.

हेंकने पट्टा सोडला, खिशात टाकला, आणि पंधरा वर्षांनी पहिल्यांदा बोटांनी दोरी ओढली. बाण डुकराच्या वरून गेला, दोन झाडांमधून गेला आणि शेजारच्या अस्वलाच्या छातीत बरोबर मधोमध रुतला. दहा गुणांचा बाण. जनावर चुकीचं. शून्य!

विमकाका उभे राहिले. धनुष्य उचललं, आणि अजिबात बोटं न उघडता बाण सोडला. तो डुकराच्या ढुंगणात लागला. पाच.

बरोबरी! आता काय करायचं, यावर तिथेच जंगलात अर्धा तास मीटिंग झाली. शेवटी आन्सने मिनिट्स काढून मोठ्याने वाचले. "'विम हरला तर' असं लिहिलंय. विम हरलेला नाही." विषय संपला. विमकाकांनी चुलीपाशी बसून भाताच्या दोन ताटल्या खाल्ल्या आणि "शेवटी बोटंच!" असं सात वेळा म्हणाले. हेंकने सातही वेळा ऐकून घेतलं.

*

मेधाला चैन पडेना. "आपल्यामुळे त्यांचं यंत्र बिघडलं. आपण साफ करून द्यायचं." सोमवारी नेने ऑफिसात हेंकच्या मागे लागला. हेंक म्हणाला, नको. नेने म्हणाला, द्याच. हेंक म्हणाला, खरंच नको, मी बघतो. आता डच माणूस 'नको' म्हणतो तेव्हा त्याला नको असतं, हे आम्हाला दोन वर्षांत कळायला हवं होतं. पण आम्ही आग्रहाच्या पंगतीत वाढलेली माणसं! तिसऱ्या 'नको'ला नेनेने चिमटा त्याच्या बॅगेतून काढूनच घेतला.

संध्याकाळी आमच्या डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरून, चष्म्याच्या बारीक स्क्रू ड्रायव्हरने आम्ही तो उघडला. घोड्याच्या मागे घट्ट बसलेला एक दाणा निघाला. मेधाने तो तळहातावर घेतला आणि दिव्याखाली धरला.

लांब दाणा. पांढराशुभ्र.

नेने म्हणाला, "वहिनी, आपल्या अक्षता तर..."

"लाल होत्या," मेधा म्हणाली.

मंगळवारी सकाळी कॉफी मशीनपाशी मी हेंकला चिमटा परत दिला. सोबत कागदाच्या पुडीत तो दाणा. हेंकने पुडी उघडली. दाण्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग दाणा उचलून तोंडात टाकला आणि कडकन चावला.

"हे मिनिट्समध्ये नको," तो म्हणाला, आणि कप भरून घेऊन आपल्या जागेवर गेला.